मधले चार आकडे

सर,

तुम्ही भरल्या प्रयोगशाळेत तिची वही वर धरलीत, "हे आकडे मोजलेले न्हाईत, काढलेत," म्हणालात आणि मी गप्प बसलो, तिथंच माझं सगळं फिरलं. सहा वर्षं झाली. त्याच दिवाळीत तुम्ही गेलात. गप्प बसलो म्हणजे दोनच मिनिटं. त्यानंतर मी जे बोललो ते वर्गाला अजून आठवतं, ती दोन मिनिटं कुणालाच आठवत नाहीत.

प्रोजेक्ट तिचा नि माझा, वही तिच्या हातची. माले गावातल्या तिच्या वडिलांच्या भातखाचरातली माती वाळवायची, मोजून थोडं थोडं पाणी घालत सहा नमुने करायचे आणि एकेक त्या पितळेच्या चौकोनी नळीच्या टोकाला ठासून भरायचा. नळीतून सूक्ष्मलहरी जातात, मातीवर आपटून परत येतात, आणि जाणारी नि येणारी लाट जिथं एकमेकीला खाते तिथं मीटरची सुई पडते. ती जागा मातीमुळं किती सरकली त्यावरून डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे मातीतल्या ओलीबरोबर चढणारा आकडा, काढायचा. तुम्ही माझा हात धरून शिकवलंत. "डावीकडनं ये, वाच. उजवीकडनं ये, वाच. मग मधलं घे. सुई पडली म्हणून हुरळू नको." एका नमुन्याला अर्धा तास जायचा. मला कधी कंटाळा आला नाही, कारण शेजारी ती लिहून घेत बसलेली असायची.

त्या दिवशी ती म्हणाली, "तू घेतोस का रे रीडिंग? मला चारची एसटी गाठायचीय." मी कोरडी माती मोजली, सगळ्यात ओली मोजली आणि घड्याळ बघितलं. मधल्या चार नमुन्यांना दोन तास लागले असते. आलेखाच्या कागदावर दोन ठिपक्यांना पट्टी लावली, रेघ ओढली, रेघेवरून चार आकडे उतरवले आणि पळत स्टँड गाठला.

"झालंबी एवढ्यात?"

"मग काय," म्हटलं आणि तिच्या शेजारी बसलो. पाऊण तासाचा रस्ता. तेवढ्यासाठी.

तिनं ते आकडे सुबक अक्षरात वहीत उतरवले. तुम्ही एकदाच बघितलेत. "पोरी, माती अशी सरळ वागती व्हय? पयलं पानी ती घट्ट धरून बसती, आकडा फार हलतच न्हाई. तिचं पोट भरलं की मग चढतो. तुझ्या बापाच्या रानात ही रेघ कुटनं आली?" मागचे हसले. ती म्हणाली, "मोजलेत, सर." तिला तसंच वाटत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मीटरकडं बघत राहिलो. मग ती रडायला लागली आणि माझं डोकं सटकलं. "पोरीवर काय आवाज चढवताय? तुमचं हे भंगारच खोटं दाखवतंय," म्हणालो, तुमच्या हातातली वही ओढून टेबलावर आपटली आणि निघालो. कॉलेज सोडलं ते सोडलंच. मागून तुम्ही एवढंच म्हणालात, "बस खाली. परत मोजू." तुम्हाला कळलं होतं, सर. तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत.

ती परत मोजायला बसली नाही. "मी खोटं लिहिलं न्हाई," असं ती सगळ्यांना सांगत राहिली. तिचं वर्ष गेलं, एमएस्सी राहिली, पुढच्या मे महिन्यात लग्न झालं.

आता ती मारुंजीत मेडिकलच्या दुकानात बसते. मी त्याच गल्ल्यांमधून भाड्याच्या खोल्यांत वायफायच्या वायरी ओढतो. मागच्या आठवड्यात गोळ्या घ्यायला गेलो, तर आपण होऊन बोलली. "सर गेले तवा मला वाईटबी वाटलं न्हाई बघ. सगळ्या वर्गात तू एकटा हुबा राह्यलास माझ्यासाठी. ते मी कधी इसरले न्हाई." खरं काय ते तोंडाशी आलं होतं. गिऱ्हाईक आलं, ती वळली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिच्या मनात माझी एवढीच जागा आहे, आणि तीही तुमचं नाव खराब करून मिळालेली. खरं सांगितलं तर तेवढीही जाईल. नाही सांगितलं तर तुम्ही तिच्या लेखी कायम तसेच राहाल. रोज ठरवतो, रोज तिच्या दुकानासमोरून हात करून पुढं जातो.

हे पत्र तिलाच लिहायला बसलो होतो. वर तिचं नाव लिहिलं, खोडलं आणि 'सर' लिहिलं, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही. फोन वाजतोय, कुणाचं तरी नेट बंद आहे. कागद तसाच गादीखाली सारतो आणि निघतो.