अठरा इंचांची जागा

पोर्ट मार्टिन, विस्कॉन्सिन
सोमवार, दुपारी

चि. क्लेम यास,

नाताळच्या कार्डावर तू जे लिहिलंस, त्यामुळे मला हे पत्र लिहिणं भाग पडलं आहे. कार्ड रॉयच्या नावानं होतं हे मान्य. पण आलेलं टपाल जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचायची माझ्या नवऱ्याची बेचाळीस वर्षांची सवय तुला ठाऊक आहे. त्यामुळे ‘हॅलिननसारखा क्वार्टरबॅक पुन्हा होणे नाही’ हे वाक्य थेट माझ्या ताटातल्या बटाट्यांवर येऊन पडलं. आपण नऊ वर्षं बोललो नाही. आणखी नऊ गेली असती तरी मी तक्रार केली नसती. पण चुकीचं विधान लेखी आलं की ते लेखीच दुरुस्त करावं लागतं. चौतीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली ती हेच करून.

आधी रीतीप्रमाणे, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. (चौसष्ट वर्षांच्या टकल्या माणसाला चिरंजीव लिहावं का, याचा मी थोडा विचार केला. मग ते कार्ड पुन्हा वाचलं आणि लिहिलं.) तुझा गुडघा बरा असावा. अ‍ॅरिझोनात म्हणे सर्दीसुद्धा होत नाही. माणसं तिथं नुसती वाळतात. मी ठीक आहे. रॉयचं कमरेचं हाड ऑक्टोबरात बदललं. नवं हाड त्याच्या उरलेल्या अंगापेक्षा चांगल्या अवस्थेत आहे, पण डॉक्टरांनी वसंत ऋतूपर्यंत पायऱ्या चढायला आणि गार पत्र्यावर बसायला सक्त मनाई केली आहे. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता हॅलिनन. त्याचा हात चांगला होता. हात चांगला असणं आणि क्वार्टरबॅक चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात आल्यापासून अंगावर चार धिप्पाड माणसं कोसळेपर्यंत क्वार्टरबॅकला तीन सेकंद मिळतात. त्या तीन सेकंदांत तो काय बघतो, एवढाच प्रश्न असतो. बाबांचा लाडका अर्ल विडमार मैदान बघायचा. हॅलिनन स्वतःला बघायचा. तू शाळेत जसा गृहपाठ करून द्यायचास तसा तो चेंडू फेकायचा, पूर्ण आत्मविश्वासानं आणि न तपासता. विडमारनं मोडक्या करंगळीनं एक अख्खी बादफेरी काढली आणि एकदाही चेंडू दुसऱ्या संघाच्या हातात दिला नाही. (उठून ओव्हन बघून आले. काही ठेवलेलं नव्हतं. आज असंच चाललं आहे.) साखळी सामन्यांमधले आकडे मला दाखवू नकोस. साखळीत कुणीही थोर होतो. आज चूक केली तर पुढच्या रविवारी सुधारता येते. बादफेरीला पुढचा रविवार नसतो. हरलात की सामान आवरून घरी. म्हणून माणूस बादफेरीतच कळतो. आणि बादफेरीत हॅलिनननं काय केलं? आपल्या संघाच्या हिरव्या कपड्यांत तीन वेळा हरला आणि मग दक्षिणेकडच्या निळ्या संघाकडे निघून गेला. जाताना म्हणे रडला. रडून जाणाऱ्यांवर माझा कधीच विश्वास बसला नाही. तो कोबर्न बघ, आताचा आपला. तेवीस वर्षांचा आहे, दाढी नीट येत नाही, पण मैदान बघतो. बाबांना आवडला असता.

इथवर आले आहे तर नऊ वर्षांपूर्वीचा विषय टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. मी क्रमानं लिहिते. बाबांनी मृत्युपत्रात घर कुणाला हे एका ओळीत लिहिलं आणि स्टेडियममधल्या दोन जागांबद्दल दीड पान लिहिलं. रांग अडतीस, जागा सात अडेलची, जागा आठ क्लेमची, ‘आणि दोघांनी भांडू नये’. (शेवटचे चार शब्द वकिलानं गाळायला सांगितले होते, बाबांनी ऐकलं नाही.) या जागांसाठी लोक मूल जन्मलं की त्याचं नाव यादीत घालतात आणि ते मूल आजोबा झाल्यावर नंबर लागतो, हे तुला मी सांगायला नको. बाबा गेल्यावर दोन वर्षं तू दर बादफेरीला विमानानं यायचास आणि आठ नंबरवर बाबांचा शिकारीचा नारिंगी कोट घालून बसायचास, कारण वाळवंटात राहणाऱ्या माणसाकडे स्वतःचा कोट नसतो. तिसऱ्या वर्षी निळे आले, हॅलिननला घेऊन. तू तीन डाव गळ्यापर्यंत बटणं लावून गप्प बसलास. मला वाटलं, बाबांची आठवण येत असेल. चौथ्या डावात हॅलिनननं तो लांब पास टाकला, आपण हरलो, आणि तू उभा राहून कोट उघडलास. आत निळा शर्ट! पाठीवर त्याचं नाव! बाबांच्या कोटाच्या आत!

मग काय झालं ते तुलाही आठवतं. मागून कुणीतरी खारा प्रेट्झेल-पाव फेकला. रखवालदार आला आणि त्यानं मला विचारलं, बाई, हे तुमच्याबरोबर आहेत का? मी म्हटलं, मी यांना ओळखत नाही.

हे मी बोलले. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही आणि तो शर्ट बरोबर होता असंही म्हणत नाही. आमच्या चर्चचे डीकन म्हणाले, पीटरनं येशूला तीनदा नाकारलं होतं, तुम्ही एकदाच, म्हणजे तुलनेनं बरं. पण पीटरच्या वेळी तापमान शून्याखाली वीस नव्हतं. तू कोट काढून आठ नंबरवर ठेवलास आणि नुसत्या शर्टावर पायऱ्या उतरून गेलास. मागे वळून बघितलं नाहीस. (मी बघत होते.)

त्यानंतर आठ वर्षं ती जागा रॉयनं सांभाळली. रॉयला खेळातलं फारसं कळत नाही, पण बसण्याच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नाही. आणि आपल्या त्या पत्र्याच्या सलग बाकावर बसणं हेच मुख्य काम असतं. एका जागेला अठरा इंच, पत्र्यावर रंगवलेला आकडा, मध्ये दांडा नाही, रेघ नाही. सप्टेंबरात सगळे मावतात. जानेवारीत प्रत्येक जण तीन स्वेटर आणि वर एक रजई एवढा होतो, आणि एखादी जागा मोकळी राहिली की शेजारी तिच्यात वितळतात. आठच्या पलीकडे, नऊवर, हर्ब क्विनेट बसतो. तो माझा चौऱ्याऐंशी सालचा विद्यार्थी. त्याला क्षेत्रफळ तेव्हाही कळलं नव्हतं.

नोव्हेंबरात रॉयच्या जागी मी डीकनना नेलं. ते दोन्ही संघांसाठी प्रार्थना करू लागले. मी म्हटलं, डीकन, एक बाजू धरा. ते म्हणाले, अडेलबाई, देवाला बाजू नसते. मी म्हटलं, देवाकडे सीझनची तिकिटं नाहीत. ते मध्यंतराला कॉफी आणायला गेले ते परत आलेच नाहीत. डिसेंबरात रॉयच्या पुतणीचा होणारा नवरा आला. तो अंगानं इतका सडपातळ की हर्बनं त्याला पहिल्याच डावात माझ्या मांडीपर्यंत आणला. शिवाय तो दर खेळीला विचारायचा, आता का थांबले? आता का थांबले? लग्न मे महिन्यात आहे. मी माझं मत कुणाला सांगितलेलं नाही.

मग कालची बादफेरीची पहिली फेरी. कुणी मिळेना. मी बाबांचा कोट कपाटातून काढला आणि आठ नंबरवर व्यवस्थित पसरून ठेवला, बाह्या पुढे घेऊन, कुणीतरी बसल्यासारखा. दुसऱ्या डावात हर्ब एका बाहीवर बसला होता. मी म्हटलं, हर्ब, सरक. तो म्हणाला, “बाई, मी सरकत नाही हो, मला थंडी सरकवते.” तिसऱ्या डावात तो अर्ध्या कोटावर होता आणि त्याच्या सॉसेजमधली मोहरी डाव्या बाहीवर. मी पर्समधून टेप काढला (हो, मी टेप नेला होता) आणि मोजून दाखवलं. बाबांच्या अठरा इंचांपैकी साडेपाच उरले होते. हर्बनं ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “बाई, राग मानू नका. रॉयदादा काही यंदा येत नाहीत, तुमचा भाऊ तर येणारच नाही. तो कोट कशाला गारठवता? आमच्या जावयाला बसू द्या ना. गरीब आहे, ओरडत नाही.” त्याचा जावई मी बघितला आहे. त्याला सत्तावीस इंच लागतात. एकदा तो बसला की आठ नंबर संपला, क्लेम. रंगवलेला आकडासुद्धा कुणाला दिसायचा नाही. मी हर्बला म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते.

शेवटच्या अकरा सेकंदांत कोबर्न मागे सरकला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, तीनचे चार सेकंद झाले, मी डोळे मिटले (असं मी कधी करत नाही), आणि त्यानं कोपऱ्यात चेंडू असा ठेवला जसा आपण मावशीच्या घरी काचेचा पेला ठेवायचो. जिंकलो! सगळी रांग उठली. जो तो शेजाऱ्याला मिठी मारत होता. हर्बनं त्याच्या बायकोला मारली, मग पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसाला मारली. मी उजवीकडे वळले. उजवीकडे कोट होता. मी त्याचं वरचं बटण लावलं, त्याची घडी केली आणि घरी आले.

म्हणजे मुद्दा असा की विडमार पहिला, कोबर्न मुरला तर दुसरा, आणि हॅलिनन चौथा. तिसरी जागा मी रिकामी ठेवली आहे. तिथं कोण बसवायचं यावर चर्चा होऊ शकते, लेखी नव्हे. (बर्फ ढकलणारी गाडी आत्ता तिसऱ्यांदा गेली. मी तिसऱ्यांदा खिडकीशी गेले. रॉय म्हणतो, कुणाची वाट बघतेस का? मी म्हटलं, पत्र लिहिते आहे, मध्ये बोलू नकोस.)

बाकी सर्व कुशल. कळावे, लोभ आहेच, तो कार्डाकार्डावर अवलंबून नाही.

तुझी थोरली बहीण,
अडेल

ता. क. दुसरी फेरी येत्या रविवारी दुपारी, आपल्याच मैदानावर. समोर कोण हे तुला माहीतच असेल. निळे. हॅलिनन निवृत्त झाला आहे, त्यामुळे तुझी अडचण व्हायचं कारण नाही. शनिवारी बूयाचा रस्सा शिजवणार आहे, मोठ्या हंड्यात, बाबांच्या मापानं. ते माप दोघांना संपत नाही.

ता. क. २. हल्ली तिकिटं कागदाची नसतात, फोनवर असतात आणि फोनवरूनच दुसऱ्याला द्यावी लागतात. आज सकाळी रॉय आठ नंबरचं तिकीट तुला पाठवत होता आणि त्याच्या हातून चुकून दोन्ही गेली. त्यामुळे आता सातचं तिकीटही तुझ्याकडे आहे आणि तू फाटकाशी आल्याशिवाय मला आत सोडणार नाहीत. ती परत घेण्याचं एक बटण असतं म्हणे. मला ते सापडलेलं नाही.

ता. क. ३. रॉयनं वरचं वाचलं. म्हणतो, खोटं लिहू नकोस, दोन्ही तू पाठवलीस आणि बटण मी तुला दोनदा दाखवलं. ही दुरुस्ती करते. चुकीचं विधान लेखी होतं.

ता. क. ४. टपाल कचेरी पाचला बंद होते. कोट विमानात हातात धरू नकोस, अंगात घाल. नारिंगी आहे, लोक बघतील, बघू देत. आत काय घालायचं ते तुझं तू ठरव. रखवालदारानं विचारलं तर या वेळी उत्तर तयार आहे.

सुपूर्द केल्याची नोंद, सोमवार:

फोनवरून: तिकिटं दोन. रांग अडतीस, जागा सात आणि आठ. फोन म्हणतो, ‘स्वीकारण्याची प्रतीक्षा’.

टपालानं: बाबांचा कोट एक, नारिंगी. डाव्या बाहीवर मोहरीचा डाग, दोनदा धुऊनही गेला नाही.

कोटाच्या खिशात: हातमोजा एक, डावा. नऊ वर्षांपूर्वीचा, तुझा. उजवा असेल तर येताना घेऊन ये.