मोहाखालच्या बांधीतली जागा

मी, बकाराम सोमजी कोडापे, वय चौऱ्याहत्तर, धर्म गोंडी, राहणार चिचगड, तालुका देवरी, जिल्हा गोंदिया, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. धर्माच्या जागी अर्जनवीस लीलाधर यांनी आधी 'हिंदू' टाकले होते. "तुले कसं समजलं?" मी विचारले. म्हणाले, "सगळ्यायचं तसंच टाकतो, काका." कागद पुन्हा करून घेतला.

१. राहते घर व बैलजोडी मुलगा रोशन याला. ढोल धाकटा भाऊ टेकचंद याला. तो बेताल वाजवतो, पण तरुणपणापासून मागत आला आहे.

२. मी कागदावर हिंदू कसा झालो, हे वारसांना माहीत असावे. शाळेत माझे नाव घालताना गुरुजींनी बापाला धर्म विचारला. बाप म्हणाला, "सहा देव." आमच्यात नवा माणूस भेटला की हेच आधी विचारतात, सोयरीक कोणाशी जुळेल ते देवांच्या संख्येवरून ठरते. गुरुजींच्या घरी लग्नाची पोरगी असेल, असे समजून बाप खूश झाला. गुरुजींनी देव ऐकले आणि हिंदू लिहिले. तेच पुढे माझ्या प्रमाणपत्रावर आणि रोशनच्या दाखल्यावर उतरले. बदलून मागायला तहसील कचेरीत गेलो तर संगणकावरच्या बाईंनी पडदाच माझ्याकडे वळवला. यादीत गोंडी नव्हते. ही यादी कोण करतो, हे मला फार जाणून घ्यायचे होते. त्यांनाही ठाऊक नव्हते.

३. आम्ही माणूस पुरतो. माझी बायको रुख्मा नाल्याकाठच्या आमच्या जुन्या मसणवटीत आहे. ती जागा समाजाच्या नावे करा म्हटले, तर तहसीलचे साहेब म्हणाले, "कागदावर तुम्ही हिंदू. हिंदूंना जाळायला शेड बांधून दिलं. वेगळी जागा कायले पाहिजे?" पुढे तिथे सरकारी कुंपण पडले. राग आला, अजून आहे. तिच्याजवळ आता मला जाता येणार नाही.

४. म्हणून मोहाच्या झाडाखालची बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, मुलगी रुचिका हिला देतो. तिने मला तिथे पुरावे आणि समाजातल्या ज्याला यायचे त्याला जागा द्यावी. मृत्यूची नोंद करताना धर्म विचारतील, तेव्हा तिनेच बोलावे; रोशनला पुढे करू नये. तो सरकारी नोकरीत आहे. धर्माला हात लावला तर जातीचे प्रमाणपत्र अडकेल, ही त्याची भीती. "बाबा, कागद हलवू नका," म्हणतो. माझा त्याच्यावर राग नाही. लेकराला पोटासाठी गप्प राहावे लागते, याचे मात्र वाईट वाटते.

५. वरील मजकूर रोशनने आज वाचला. मग विचारले, "बाबा, त्या बांधीत मावीन का मी?" म्हणून हे कलम वाढवतो. माझ्या डाव्या हाताची जागा रोशनची. त्याचे कागद काहीही म्हणोत.

वाचून घेतले, पटले, सही केली.

बकाराम सोमजी कोडापे

साक्षीदार:
नंदाबाई मडावी (डाव्या हाताचा अंगठा)
इंद्रकुमार पटले, शेजारी (सही)

ठिकाण: चिचगड
दिनांक: २० फेब्रुवारी २०२५