नानांच्या पेटीच्या जुन्या पट्ट्या

जळगाव, ४ जुलै १९८८
ती. सौ. प्रमिलाकाकूस,
कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

टाळकरी बन्सीलालभाऊंनी नानांची पेटी पिंपळनेरहून एस.टी.त मांडीवर घेऊन आणली. उघडून पाहिली. भात्याचं कातडं फाटलंय, म्हणून हवा गळते. ते बदलते. पट्ट्यांवरच्या पांढऱ्या चकत्याही बोटांनी झिजून खोलगट झाल्यात. त्या नव्या बसवते. नवा भाग नीट चालेपर्यंत जुना टाकायचा नाही, ही आमच्या कारखान्यातली शिस्त. काढलेल्या चकत्या नंबर घालून डब्यात ठेवते. गोकुळाष्टमीच्या भजनाआधी पेटी मिळेल.

नानांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ तिथेच सांभाळून ठेवा.
आपली,
कुमुद

पिंपळनेर, २८ जुलै
चि. कुमुदला काकूचे अनेक आशीर्वाद.

पेटी पोचली. भाता झकास झालाय. पण तुझ्या नानाआजोबांनी पट्ट्यांवर बोटं फिरवली आणि हाई पेटी मनी नही, ही माझी नव्हेच, म्हणून बाजूला सारली. डोळे गेल्यापासून ते त्या खळग्यांवरून सूर शोधायचे, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? आता भजनाला बसत नाहीत. मंडळी अष्टमीला दुसरा पेटीवाला पाहू म्हणतात. ते ऐकल्यापासून नाना ताटावरूनही लवकर उठतात.

तुझं पत्र वाचून मी हसले होते, ही पोर नवरासुद्धा नंबर घालून ठेवील म्हणून. तो डबा आहे ना गं अजून?
काकू

जळगाव, २० ऑगस्ट
ती. सौ. काकूस शि. सा. न.

डबा आहे. हवा गळणं हा दोष होता. खळगे हाही दोष, हे मी नानांना न विचारता ठरवलं. जुन्या चकत्या जागच्या जागी चिकटवून पेटी भाऊंबरोबर पाठवते आहे. उजवीकडची एक काढतानाच तुटली होती. तिथे नवीच ठेवली आहे. नानांना सांगू नका.

नवऱ्याचं नंतर पाहू.
कुमुद

पिंपळनेर, ५ सप्टेंबर
चि. कुमुदला अनेक आशीर्वाद.

अष्टमीचं भजन पार पडलं. नानांनी पट्ट्या चाचपल्या आणि सुरुवात केली. मध्येच टाळ मागे पडतो म्हणून बन्सीलालभाऊंना झापलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तुझी नवी चकती त्यांना लगेच कळली. बदलून घेऊ का, विचारलं. नको म्हणाले, ती कुमुदची. वर म्हणाले, आता तिथे खळगा पडेपर्यंत मला भजनाला बसावं लागेल.

दिवाळीला ये. सांभाळून ठेवलेला लोभ इथे आहेच, तुझी वाट पाहतो.
काकू