घरच्या कपड्यांत

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा गाऊनवरून! घंटागाडी आली, मी गाऊनवर ओढणी टाकून बादली घेऊन धावले. ती गाडी काय माझ्या निऱ्या होईपर्यंत थांबणार आहे? परत आले तर हे दारातच उभे. "चारचौघात घरच्या कपड्यात जातेत काय? काही इज्जत हाये का नाही?" मग तासभर भाषण. समोरचा पोरगा नाईट पँटवर बँकेत जातो, डॉक्टरीणबाई पायजम्यावर भाजी घ्यायला येतात, अख्खी अमरावती बिघडली. हे स्वतः पानपट्टीवर जातानासुद्धा शर्ट खोचतात. बावीस वर्षांत यांना बनियनवर अंगणात पाहिलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच वाटतो. बाकीच्यांचे नवरे पाहते ना मी!

८ नोव्हेंबर, शनिवार

हे दुपारच्या गाडीनं अकोल्याला. दर शनिवारी यांच्या कीटकनाशकांच्या कंपनीची मीटिंग, मुक्काम लॉजवर, रविवारी संध्याकाळी परत. दोन शर्ट इस्त्री करून दिले.

शेजारच्या दुर्गाबाई मागे लागल्यात — उद्या अकोल्यात त्यांच्या नातवाचं बारसं, गाडीत एक जागा आहे, चल म्हणून. मी हो म्हणाले. यांना सांगितलं नाही. माझ्या तोंडून अकोल्याचं नाव निघालं की यांचं डोकं फिरतं. तिथं माझे दीर श्याम राहतात, आणि श्यामची बायको म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण रागिणी. एकाच मांडवात आम्ही दोघी या दोघा भावांना दिलेल्या. अकरा वर्षं झाली, दोन्ही घरांत बोलणं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

यांना पाहिलं.

सकाळचे साडेआठ. दुर्गाबाईंची गाडी एका गल्लीत वळली. पुढे ट्रॅक्टर आडवा, म्हणून थांबलो. कोपऱ्यावर डेअरी. तिथं एक माणूस — निळा फुलाफुलांचा बर्मुडा, वर बनियन, पायात बायकी स्लीपर. हातात दुधाच्या दोन पिशव्या, पोट खाजवत डेअरीवाल्याशी हसतोय. मी मनात म्हटलं, काय हा अवतार! मग त्यानं मान वळवली.

हे होते.

हाक मारता आली नाही. गाडी सुटली. बारशात पाळण्याची दोरी धरली, घुगऱ्या खाल्ल्या, कुणाशी काय बोलले आठवत नाही.

लॉजवर राहणारा माणूस दूध कशाला आणेल? आणि असे कपडे कुणी परक्या गल्लीत घालत नाही. जिथं आपलं घर असतं तिथंच घालतो. घर म्हटलं की बाई आली. बावीस वर्षं मला इस्त्रीचा माणूस दिला, आणि बर्मुड्यातला तिला!

संध्याकाळी आले. कडक शर्ट. लॉजवरचा चहा कसा असतो, विचारलं. बरा असतो म्हणाले आणि पेपर उघडला.

१० नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. यांनी विचारलंही नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हे कामानं परतवाड्याला गेले, मी एसटीनं अकोल्याला. डेअरीवाल्याला मोबाईलमधला फोटो दाखवला. तो लगेच म्हणाला, "हे तं शामभाऊचे मोठे भाऊ. दर शनिवारी येतेत. चार-पाच वर्सं झाली असंन." पिवळ्या गेटचं तिसरं घर, असंही सांगितलं.

बाई नाही! क्षणभर इतकं हलकं वाटलं की त्याच्याकडून पावशेर पेढे घेतले. आणि मग ते हातात धरून तिथल्याच पायरीवर बसले.

चार-पाच वर्षं! मूर्तिजापूरच्या शेतातल्या विहिरीवरून दोघे भाऊ भांडले, तेव्हा यांनी मला शिवमच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता. श्यामचा उंबरा चढणार नाही, रागिणीशी बोलणार नाही, अशी शपथ. शिवम आठ वर्षांचा, घाबरून रडत होता. मी पाळली. रागिणीचा फोन आला की कापत होते. शेवटी तिनं करणं सोडलं. तिला मुलगी झाली, खुशी. मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांनी घर बदललं हे कानावर आलं, कुठं ते विचारायची सोय नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेरवीला आम्ही दोघी बहिणी दोन वेगळ्या खोल्यांत बसून रडलो. आम्हाला भाऊ नाही. आईनंतर मला माहेर म्हणून ती एकटीच! आणि हे बाहेर मांडवात श्यामकडे पाठ करून बसले होते — रागिणीच्या हातचं जेवणं तेव्हा सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती!

दुसरी बाई असती तर परवडलं असतं, असं मी आज लिहिते आहे. तिच्याशी भांडता तरी आलं असतं. हे भांडण सगळ्यांनी सोडलं, मी एकटीच धरून बसले. का, तर यांना माझ्यासमोर माघार घ्यायची लाज.

पिवळ्या गेटपर्यंत गेले नाही. शपथ आडवी आली. अजूनही!

पेढे एसटीतल्या एका म्हातारीला दिले.

१२ नोव्हेंबर

यांना विचारणार नाही. विचारलं तर गळ्यापर्यंत बटणं लावून उत्तर देतील.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याला शिवमला फोन केला. सगळं सांगितलं. त्याला ती शपथ आठवतसुद्धा नाही! म्हणाला, आई, मला काही होत नाही, तू बिनधास्त जा. मग म्हणाला, मावशीचं लोणचं अजून आठवतं.

उद्या पहिली एसटी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रागिणीनंच दार उघडलं. किती पिकली गं! आत ये म्हणाली नाही. उंबऱ्याच्या आत उभी राहून हळूच म्हणाली, "ताई, गेला काय तुया राग? जिजाजी तं सांगत होते, तुनंच त्यायले शपथ घातली. शिवमच्या डोक्यावर हात ठेवून."