जहाजाच्या शिडीचा खुलासा आणि कपाटाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, गुडघे सोडून बाकी सगळं जागेवर असताना आणि कोणीही डोक्यावर बसलेलं नसताना, माझ्यामागे काय कोणाचं व्हावं ते स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. असा कागद यापूर्वी मी केलेला नाही. सापडलाच तर फाडावा.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. अट एकच. पुढच्या खोलीतलं मोठं टेबल हलवायचं नाही आणि रविवारी दुपारी दार उघडं ठेवायचं. "ही मंडळी उठणार कधी?" असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारायचं नाही.

कलम २. पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभणं आणि सरसाचं भांडं शेजारच्या छापखानेवाल्याला. कागद कापायची सुरी त्याला देऊ नये. दोनदा नेली, दोनदा बोथट करून आणली, वर म्हणतो कसा, "अशीच होती की!"

कलम ३. हे जरा लांबेल. दर रविवारी या टेबलावर आम्ही चौघं एक खेळ खेळतो. मी गोष्ट सांगते, बाकीचे तिघं आपापलं सोंग घेऊन "आता मी असं करतो" म्हणतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. माझा धाकटा भाऊ चोर आहे. वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, चिलखत घातलेल्या योद्धा आहेत. दातांचे डॉक्टर मांत्रिक. बंदरात एक काळं जहाज उभं आहे, त्याच्या तळाशी एक बंद पेटी आहे, आणि पहारेकऱ्यांना चाहूल न लागता तिघांनी त्यावर चढायचं आहे. बस्स. याचा बेत चार वर्षं चालू आहे.

चिलखत वाजू नये म्हणून त्याला तेल किती चोळायचं यावर तीन रविवार गेले. बूट काढावेत की नाही यावर दोन महिने. पहारेकऱ्यांना झोपवायचा मंत्र डॉक्टरांनी तालीम म्हणून टाकून पाहिला, फासे उलटे पडले आणि आमचाच चोर घोरायला लागला.

कलम ४. आता कबुली. पहिल्याच रविवारी मी दोरा दातात धरून एक वही शिवत होते. भावानं विचारलं, "ताई, जहाज दिसतंय कसं?" मी म्हटलं, "शीड खाली आहे." म्हणजे इतक्यात निघायचं नाहीये. भावानं लिहून घेतलं, 'शिडी खाली आहे.' वन्सं म्हणाल्या, "चला, चढायची सोय झाली!" आणि सगळा बेत त्या शिडीवर उभा राहिला. शिडी नाही. कधीच नव्हती. जहाज बाहेरून गुळगुळीत आहे, बोट अडकवायलासुद्धा जागा नाही.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" असं भाऊ विचारेलच. तर ऐक. हे गेल्यावर यांच्या कपाटावरून तुझं आणि वन्संचं वाजलं. त्या म्हणाल्या, माझ्या भावाचं कपाट माझ्याकडे यावं. तू म्हणालास, ताईच्या घरातून खिळासुद्धा हलणार नाही. मला कोणी विचारलंच नाही! तेव्हापासून तुम्ही एकमेकांशी अवाक्षर बोलत नाही. टेबलावर मात्र चोर आणि योद्धा बोलतात, कारण बोलल्याशिवाय बेत कसा व्हायचा? एकदा आधी कोणी चढायचं यावर घोळ चालला होता. चोर म्हणाला, "तुम्ही आधी चढा. घसरलात तर खाली मी आहे." वन्संनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "धूळ फार बाई या खोलीत." कसली धूळ? मी सकाळीच झाडलं होतं.

त्यानंतर माझी जीभ रेटली नाही. बेत मोडला की ही दोघं पुन्हा मुकी होतील, याची मला भीती वाटते. मरणाची तेवढी नाही वाटत.

कलम ५. कपाट वन्संना. कपाटाची किल्ली भावाला. जहाजावरच्या पेटीत काय आहे ते लिहिलेला कागद त्या कपाटात आहे. कुलूप फोडल्यास चोर आणि योद्धा दोघंही बुडाले असं धरावं.

कलम ६. फासे आणि गोष्टीची वही मुलीला. चहा ठेवता ठेवता ती एकदा पुटपुटली होती, "पण कुठली शिडी?" म्हणजे ती सगळं ऐकत असते, हे मला माहीत आहे. खेळ तिनं पुढे चालवावा.

कलम ७. डॉक्टर साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही ठेवता येत नाही. त्यांनी बसवलेली कवळी मला कधीच बसली नाही, तेव्हा फिट्टंफाट.

कलम ८. गोष्ट सांगणारीच्या अधिकारात मी त्या जहाजाच्या डाव्या अंगाला दोराची एक शिडी सोडत आहे, पाण्याला टेकेल अशी. ही खरी आहे. वन्संनी आधी चढावं. खाली भाऊ आहे.

स्थळ: मोठं टेबल. दिनांक: महिन्याचा दुसरा रविवार, बाकीची मंडळी यायच्या आधी.

सही: बाइंडरबाई

साक्षीदार पहिले, वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर: बाईंनी सही माझ्यासमोर केली. जहाजाचं मला काही कळलं नाही.

साक्षीदार दुसरे, दातांचे डॉक्टर: बाई पूर्ण भानावर आहेत. ती नसलेली शिडी अदृश्य करण्यात माझे तीन मंत्र वाया गेले, याची नोंद व्हावी. बाई आहेत तोवर मी तोंड उघडणार नाही.