ओढ्यापल्याडचा मुलगा

प्रिय दावीद,

तुझ्या घराचे पत्रे माझ्या ओट्यावरून दिसतात, तरी हे पत्र मी न्हावऱ्याच्या पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे. पोस्टमन हसेल. हसू दे. तुझा नातू जोनाथन गेल्याला महिना होत आला आणि मी तुझ्या दारात आलो नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. एखादा शब्द चुकीचा पडून तुलाच लागेल या भीतीने दोन कागद फाडले.

आपले नातू जन्मायच्या आधी ओढ्यावरच्या वाटेच्या भांडणात दगडफेक झाली, दोन्ही काठांच्या वस्त्यांत डोकी फुटली, तेव्हा शाळेतली बैठक तू आणि मीच बसवली होती. पुन्हा भांडण नको म्हणून सगळंच वेगळं केलं. नळ वेगळे. डेअरीवर आधी तुमचं दूध, मग आमचं. तुमची पोरं शिरूरच्या शाळेत, आमची न्हावऱ्याच्या. ओढा कुणी विनाकारण ओलांडायचा नाही. नाताळात तुमची गाणारी मंडळी आमच्या दारी यायची, तेही थांबलं. माझ्या बायकोने, झुंबरने, पुढची दोन वर्षं तुमच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू वळले. मग तिनेही सोडलं.

तेव्हापासून गावात काठी उगारली गेली नाही हे खरं. तालुक्यात आपलं नाव झालं. परवा दौंडकडच्या एका गावचे चार जण आले होते. त्यांच्यातही अशीच फूट पडली आहे. आबा, तुम्ही कसं मिटवलं ते आम्हाला सांगा, म्हणाले. त्यांना चहा पाजला आणि रक्तदाब वाढलाय म्हणून सांगून लावून दिलं. काय सांगणार होतो?

आता लिहायलाच हवं. जोनाथनला शिक्रापूरला ट्रकने उडवलं, तेव्हा त्या गर्दीत माझा नातू इंद्रजीत होता. कंपनीतून सुटून घरी येत होता. त्याने इतरांबरोबर जोनाथनला उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यापर्यंत गेला. जोनाथनचा मोबाईल फुटलेला, खिशात कागद नाही. डॉक्टरांनी विचारलं, याला कुणी ओळखतं का? इंद्रजीत नाही म्हणाला आणि घरी आला. तुम्हाला संध्याकाळी कळलं, तोवर सगळं संपलं होतं. चौथ्या दिवशी न्हावऱ्याच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्यावरचा फोटो त्याने पाहिला. खाली आपल्याच गावाचं नाव. तेव्हापासून पोरगं धड जेवत नाही. एकच सांगतं, "आबा, म्या त्याला कधी पाह्यलंच न्हवतं. कसा वळखणार?"

त्याने ओळखलं असतं तर तू वेळेत पोचला असतास, हे मला कळतं. रागाने तू काही म्हणालास तरी ऐकून घेईन. पण रविवारी तुमची प्रार्थना झाल्यावर मी त्याला घेऊन ओढ्यावर येतो. पलीकडे घेऊ नये वाटलं तर नको घेऊस. नुसता काठावर येऊन उभा राहा. पोराला तुझं तोंड तरी पाहून ठेवू दे.

तुझाच,
हौसराव