लेबल नसलेली ट्यूब

४ जानेवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या चष्म्याच्या दुकानात नवं मशीन आल्याचं वाचून मौज वाटली. इकडे हे निवृत्त झाल्यापासून आमच्या घराचीच प्रयोगशाळा झाली आहे. चाळीस वर्षं कॉलेजातलं रसायनांचं कपाट सांभाळलं, आता माझं स्वयंपाकघर सांभाळतात. डब्याडब्यावर लेबल आणि उघडल्याची तारीख. लेबल नसेल ते थेट कचऱ्यात, मग आत साधं मीठ का असेना.

आता मनातलं लिहिते, वाचून पत्र फाडून टाक. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. वाटलं होतं, सुटले. पण दोन वर्षांपासून खाली कोरडं पडतं, आग होते, लघवीला जळजळतं. जवळ यायचं म्हटलं तर इतकं दुखतं की डोळ्यांत पाणी येतं. म्हणून मी काहीबाही सबबी सांगत राहिले. गेल्या महिन्यात यांनी आपली उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. म्हणाले, माझ्या घोरण्याने तुझी झोपमोड होते. चौतीस वर्षं घोरताहेत, तेव्हा नाही झाली. मी त्यांना कंटाळले असं त्यांना वाटतंय आणि माझं तोंड उघडत नाही. या वयात नवरा हातचा जातो की काय, अशी भीती वाटते गं.

तुझी,
ताई

१५ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही, रागाव हवं तर. अगं, मलाही हेच झालं होतं, तीन वर्षांपूर्वी. तुझ्याआधी धाकटीची पाळी गेली हे मोठ्या बहिणीला सांगायचं कसं, म्हणून गप्प बसले. आपल्याकडे मोठ्यांच्या आधी पानावरही बसायचं नाही, हे अंगात मुरलेलं. दोघी दोन गावांत तेच सोसत राहिलो, याचं आता रडू येतं.

पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि योनीची आतली त्वचा पातळ, कोरडी पडते, असं मला डॉक्टरांनी समजावलं. त्यावर तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. पण माझं पाहून परस्पर आणू नकोस, आधी तपासून घे. आणि लाज कसली? डोळ्यांचा नंबर वाढला तेव्हा माझ्याकडून चष्मा नेलासच ना!

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
चिमणी

९ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

गेले बाई एकदाची. डॉक्टरीण सुनेच्या वयाची, पण धीराची. छातीत गाठ, अवेळी रक्त जाणं असं काही नाही ना, ते नीट विचारलं, तपासलं. तू म्हणालीस तेच क्रीम दिलं. दोन आठवडे रोज लावायचं, मग आठवड्यातून दोनदा. पुरता गुण यायला दोन-तीन महिने लागतील म्हणाली.

मी खोका बाहेरच टाकला, ट्यूबवरच्या नावावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि न्हाणीघरात साबणाच्या डब्यामागे ठेवली. आग जरा कमी वाटत होती. बाराव्या दिवशी यांनी फळी आवरली. लेबल नाही म्हणून ट्यूब कचऱ्यात, आणि कचऱ्याची गाडी केव्हाच गेलेली. विचारलंही नाही. मी भांडी घासत रडले. आता पुन्हा त्या औषधाच्या दुकानात जाऊन तेच नाव घ्यायचं? नकोच ते. माझ्या नशिबात नाही असं समजते.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

नशिबाला कशाला बोल लावतेस? चिकटपट्टी तूच गुंडाळलीस. भावजी त्यांच्या नियमाने वागले, चूक त्यांची नाही. ट्यूब दुसरी मिळेल. पण काय दुखतंय ते त्यांना सांगितलं नाहीस, तर ती उशी बाहेरच राहील. आज मी मोठी आणि तू धाकटी. ऐक माझं.

रागावलीस तरी पत्र धाड.

तुझी,
चिमणी

३० मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि त्याच दुपारी यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मान वर न करता, एका दमात. हे कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, त्यांना वाटत होतं की आपण म्हातारे झालो, हिला नकोसे झालो. तू सोसत होतीस आणि मी उशी घेऊन रुसलो, असं म्हणाले आणि चष्मा बाजूला ठेवून डोळे पुसू लागले. यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी दोघं दुकानात गेलो. क्रीमचं नाव यांनीच घेतलं, पुरवठ्याची यादी वाचतात तशा खणखणीत आवाजात. मागची दोन माणसं वळून पाहायला लागली. मला धरणी दुभंगावी असं झालं, पण हे तसेच ताठ उभे.

आता जळजळ जवळजवळ गेली आहे. बाकीची घाई नाही, असं हेच म्हणतात. उशी मात्र त्याच दिवशी आत आली, घोरण्यासकट.

नवी ट्यूब साबणाच्या पुढे असते. तिच्यावर यांनी आपल्या कॉलेजातल्या अक्षरात लेबल लावलंय. उघडल्याची तारीख, खाली ‘आठवड्यातून दोनदा’, आणि त्याखाली ‘हिचं आहे. फेकू नये.’

हे पत्रही फाडू नकोस.

तुझी,
ताई